एटीव्ही इंजिनातील प्रज्वलन-वेळ आगाऊ करणे : लाभ, मर्यादा आणि पद्धती

सारांश

वाळू, चिखल आणि डोंगरवाटांवर धावणाऱ्या चारचाकी एटीव्ही वाहनांच्या इंजिनाची शक्ती वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून प्रज्वलनाची वेळ आगाऊ करण्याकडे पाहिले जाते. यासाठी नवा सुटा भाग क्वचितच लागतो. एक प्लेट काही अंशांनी फिरविली की काम होते. मात्र या उपायाने इंजिनात नवी ऊर्जा निर्माण होत नाही. उपलब्ध ऊर्जेचा दाब पिस्टनवर कोणत्या क्षणी पडावा, एवढेच त्यातून बदलते. हा क्षण योग्य बिंदूच्या जवळ आला तर लाभ होतो, बिंदू ओलांडला तर पिस्टन निकामी होतो. प्रस्तुत लेखात यामाहा बॅन्शी या दोन-स्ट्रोक एटीव्हीच्या इंजिनाच्या संदर्भात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : प्रज्वलन-वेळ, टीडीसी, नॉकिंग, ऑक्टेन, स्टेटर प्लेट.

१. प्रस्तावना

एटीव्ही या वाहनप्रकाराचा व्यापारी प्रसार होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेल्या तीनचाकी वाहनापासून झाला. पुढे सुझुकीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चारचाकी रूप बाजारात आणले. तीनचाकी वाहने उलटून होणाऱ्या अपघातांमुळे १९८८ मध्ये अमेरिकेत उत्पादक व शासन यांच्यात न्यायालयीन समझोता झाला आणि तीनचाकींची विक्री थांबली. चारचाकी रूप मात्र टिकले. शेतीकाम, शिकार, वनरक्षण आणि शर्यत अशा सर्व क्षेत्रांत ते रुजले.

शर्यतीच्या क्षेत्रात यामाहा बॅन्शी ३५० या वाहनाने विशेष स्थान मिळविले. अमेरिकेत १९८७ ते २००६ या मॉडेल-वर्षांत ते विकले गेले. त्यात ३४७ घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे दोन-स्ट्रोक इंजिन होते. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल वाळूच्या टेकड्यांसारख्या ठिकाणी हे वाहन आजही चालविले जाते. त्याच्या मालकांमध्ये टायमिंग चार अंशांनी आगाऊ करण्याची प्रथा इतकी रूढ आहे, की अनेक जण तो बदल इतर कोणत्याही सुधारणेच्या आधी करतात.

मराठी वाचकाला हे इंजिन पूर्णपणे परके नाही. बॅन्शीच्या इंजिनाचा व्यास ६४ मि.मी. आणि स्ट्रोक ५४ मि.मी. आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून यामाहाच्या परवान्याने भारतात तयार केलेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलीचे माप हेच होते. राजदूतचे इंजिन हवेने थंड होत असे आणि त्याला कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट होते. बॅन्शीला पाणी आणि इलेक्ट्रॉनिक सी.डी.आय. प्रज्वलन मिळाले. दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातील आहेत.

२. ठिणगी आधी का पडावी लागते?

पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वर पोहोचतो त्या स्थितीला टॉप डेड सेंटर, म्हणजेच टीडीसी म्हणतात. ठिणगी नेमकी टीडीसीवर पडावी, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ठिणगी पडणे आणि दाब निर्माण होणे यांत काही काळ जातो. आधी प्लगच्या टोकांजवळ ज्योतीचा लहान गाभा तयार होतो. नंतर ज्योत मिश्रणातून पसरत जाते आणि दाब वाढतो. ही ज्वलनक्रिया आहे, क्षणार्धात होणारा स्फोट नव्हे.

कमाल दाब टीडीसीच्या आधी आला तर तो वर येणाऱ्या पिस्टनला अडवितो. फार उशिरा आला तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि उष्णता एक्झॉस्टमधून वाया जाते. बहुतेक पेट्रोल इंजिनांत कमाल दाब टीडीसीनंतर सुमारे १५ अंशांवर आला असता सर्वाधिक टॉर्क मिळतो. तो तेथे आणण्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधी पाडावी लागते. किती अंश आधी, हाच टायमिंगचा प्रश्न होय. ठिणगी आणखी अलीकडे आणणे याला कार्यशाळेत टायमिंग अ‍ॅडव्हान्स करणे म्हणतात. या लेखात त्यासाठी 'आगाऊ करणे' हा शब्दप्रयोग केला आहे.

अंश आणि काळ यांचा संबंध इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या वेगाने क्रँक एक अंश फिरण्यास सुमारे १११ मायक्रोसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांना केवळ २८. समजा, ज्वलनाचा प्रारंभिक भाग एक मिलिसेकंदाचा आहे. तेवढ्या काळात क्रँक पहिल्या वेगाला ९ अंश, तर दुसऱ्या वेगाला ३६ अंश फिरेल. प्रत्यक्षात वेग वाढताना मिश्रणातील घुसळणही वाढते आणि ज्योत अधिक वेगाने पसरते, म्हणून एवढी मोठी तफावत लागत नाही. तरी एकच स्थिर टायमिंग सर्व वेगांना योग्य ठरू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३. अंश आणि मिलिमीटर

दोन-स्ट्रोक इंजिनात टायमिंग बहुधा मिलिमीटरमध्ये सांगितले जाते. म्हणजे ठिणगीच्या वेळी पिस्टन टीडीसीपासून किती खाली आहे ते अंतर. प्लगच्या छिद्रात डायल गेज बसवून ते मोजतात. राजदूत ३५० साठी हे अंतर सुमारे २ मि.मी. ठेवले जात असे.

बॅन्शीच्या कनेक्टिंग रॉडची लांबी ११० मि.मी. आहे आणि क्रँकची त्रिज्या स्ट्रोकच्या निम्मी, म्हणजे २७ मि.मी. या मापांवरून भूमितीने पुढील अंतरे निघतात. टीडीसीच्या १६ अंश आधी पिस्टन १.३० मि.मी. खाली असतो, २० अंशांवर २.०२ मि.मी.; २४ अंशांवर २.८८ मि.मी.; आणि २८ अंशांवर ३.८९ मि.मी.

या आकड्यांतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, चार अंशांचा बदल प्रत्येक ठिकाणी सारख्या मिलिमीटरचा नसतो. १६ ते २० अंशांत पिस्टन ०.७२ मि.मी. सरकतो, तर २४ ते २८ अंशांत १.०१ मि.मी. त्यामुळे एका इंजिनाचे मिलिमीटरमधील माप दुसऱ्या स्ट्रोकच्या इंजिनाला तसेच लावणे चूक ठरते. दुसरी, २० अंशांच्या आसपास ०.२ मि.मी. म्हणजे साधारण एक अंश. गेज किंचित तिरके बसले किंवा टीडीसीचा बिंदू अंदाजाने धरला, तर एक-दोन अंशांची चूक सहज होते. ज्या बदलाचा एकूण आकारच चार अंशांचा आहे, त्यात ही चूक लहान मानता येणार नाही.

४. आगाऊ करण्याच्या पद्धती

प्रज्वलनाची वेळ वाहनात बदलता येण्याची गरज जुनी आहे. रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेने १८९७ मध्ये एका द दिऑं-बुतॉं तीनचाकीवर मॅग्नेटो यशस्वीपणे बसविला आणि १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. त्या काळातील अनेक वाहनांत चालक हाताच्या दांड्याने टायमिंग मागेपुढे करीत असे. पुढे हे काम यांत्रिक वजनांकडे व नंतर इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे गेले.

बॅन्शीत फ्लायव्हीलच्या मागे स्टेटर प्लेट असते. ती स्क्रूंनी आवळलेली असते. फ्लायव्हील ज्या दिशेने फिरते तिच्या उलट दिशेला प्लेट सरकविली, की चुंबकाचा संकेत लवकर मिळतो आणि ठिणगी आगाऊ होते. मूळ प्लेटची छिद्रे लांबट करून किंवा अंशांच्या खुणा असलेली तयार प्लेट बसवून हे करतात. प्लेट एकच असल्याने दोन्ही सिलिंडरांची वेळ एकत्रच बदलते. राजदूतमध्ये प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट वेगळा असल्याने ती स्वतंत्रपणे लावावी लागे.

अनेक चार-स्ट्रोक एटीव्हींमध्ये संकेत देणारी कॉइल इंजिनाच्या आवरणावर पक्की असते. तेथे फ्लायव्हील आणि क्रँक यांमधील अर्धचंद्राकृती चावी बदलून तिच्या जागी पायरीची चावी बसवितात. त्यामुळे फ्लायव्हील क्रँकच्या तुलनेत काही अंश पुढे बसते. तिसरा मार्ग म्हणजे संपूर्ण सी.डी.आय. पेटीच बदलणे.

पहिल्या दोन पद्धतींची एक मर्यादा महत्त्वाची आहे. त्या टायमिंगचा संपूर्ण आलेख सरसकट सरकवितात. मध्यम वेगाला चार अंश हवे असतील तर तेच चार अंश किक मारतानाही आणि सर्वोच्च वेगालाही मिळतात, मग तेथे ते हवे असोत वा नसोत. बॅन्शीला केवळ किक असल्याने टायमिंग फार आगाऊ झाले, की पिस्टन टीडीसी ओलांडण्यापूर्वीच दाब येतो आणि किक उलटी मारते. पायाला होणारी इजा हा या बदलाचा पहिला इशारा असतो.

५. लाभ नेमका कोठे मिळतो?

टायमिंग कमी अंशांवरून वाढवीत नेले तर टॉर्क आधी वेगाने, नंतर सावकाश वाढतो आणि एका बिंदूवर स्थिर होतो. या माथ्यावर आलेख जवळजवळ सपाट असतो. तेथून काही अंश मागे राहिल्यास टॉर्कमध्ये जेमतेम एक-दोन टक्क्यांची घट होते. म्हणजेच मूळ टायमिंग माथ्यापासून बरेच मागे असेल तर चार अंशांनी ठळक फरक जाणवतो. जवळ असेल तर नगण्य.

उत्पादक टायमिंग मुद्दाम मागे ठेवतो. वाहन कोणत्या प्रतीच्या पेट्रोलवर, किती उन्हात आणि किती निगेने चालेल, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय टायमिंग आगाऊ केल्यास ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन वाढते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ च्या मॉडेल-वर्षापासून एटीव्हींना उत्सर्जनाचे निकष लागू केले. अशा सर्व परिस्थितींसाठी राखलेले अंतर म्हणजे उत्पादकाची विमा-रक्कमच होय. चार अंश आगाऊ करणारा मालक ती रक्कम मोडून खर्च करीत असतो.

दोन-स्ट्रोक इंजिनात आणखी एक बाब असते. त्याच्या एक्झॉस्टचा फुगीर पाइप दाबलहरींच्या परतण्यावर काम करतो. पाइपमधील वायू जितका उष्ण, तितका ध्वनीचा वेग जास्त आणि लहरी लवकर परततात. टायमिंग आगाऊ केले की अधिक ऊर्जा सिलिंडरातच वापरली जाते, बाहेर जाणारा वायू तुलनेने थंड होतो आणि पाइपचा प्रभावी वेग खाली येतो. परिणामी खालच्या व मध्यम वेगाला ओढ वाढते, परंतु सर्वोच्च वेगापलीकडे इंजिन लवकर दम सोडते. म्हणूनच अनेक दोन-स्ट्रोक सी.डी.आय. पेट्या वरच्या वेगाला टायमिंग स्वतःहून मागे नेतात. वळणावळणाच्या वाटेवर आगाऊ टायमिंग उपयोगी पडते; उंच टेकडीवर इंजिन सलग वरच्या वेगाला ठेवणाऱ्यास तेच तोट्याचे ठरू शकते.

६. धोका : नॉकिंग

ज्योत पसरत असताना तिच्यापुढील न जळलेले मिश्रण दाबले व तापविले जाते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते स्वतःहून पेटले तर दाबाचे तीव्र हादरे निर्माण होतात. यालाच नॉकिंग म्हणतात. टायमिंग आगाऊ केल्यास कमाल दाब वाढतो आणि नॉकिंगची शक्यताही वाढते. हे हादरे धातूवरील वायूचा संरक्षक थर उडवून लावतात, पिस्टनची कड खडबडीत होते आणि हेडवर बारीक खड्डे पडतात. तापलेला प्लग किंवा काजळीचा निखारा ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागला, तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यास काही सेकंद पुरतात.

चार-स्ट्रोक इंजिनात नॉकिंगचा आवाज बऱ्याचदा ऐकू येतो. दोन-स्ट्रोकच्या कर्कश आवाजात आणि हेल्मेटच्या आत तो बुडून जातो. पाण्याचे तापमानही उशिराच वाढते. बॅन्शीचा चालक रस्त्यापासून कित्येक किलोमीटर दूर वाळूत असतो. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन जाम झाले तर मागची चाके अडतात आणि प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही.

येथे पेट्रोलच्या आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेत पंपावरील ऑक्टेन आकडा हा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असतो. भारतात केवळ रिसर्च पद्धतीचा आकडा दिला जातो. तेच पेट्रोल भारतीय पद्धतीने मोजल्यास आकडा चार-पाचने जास्त येतो. अमेरिकी माहितीत 'चार अंशांसाठी ९१ ऑक्टेन वापरा' असे म्हटले असेल, तर त्याचा भारतीय अर्थ सुमारे ९५ किंवा ९६ असा होतो. ९१ हा आकडा पाहून त्याच आकड्याचे भारतीय पेट्रोल भरणारा मालक नकळत कमी प्रतीचे इंधन वापरीत असतो.

भारताने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलचे ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगला विरोध वाढतो. मात्र इथेनॉलला पूर्ण ज्वलनासाठी हवा कमी लागते; एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. कार्ब्युरेटरचा जेट जुनाच ठेवल्यास मिश्रण इंधनाच्या दृष्टीने पातळ होते आणि पिस्टन तापतो. ऑक्टेनमध्ये मिळविलेला लाभ अशा रीतीने जेटमध्ये गमावला जाऊ शकतो.

७. सुरक्षित क्रम

वरील विवेचनावरून कामाचा पुढील क्रम सुचविता येतो.

(१) प्रथम इंजिन निरोगी असल्याची खात्री करावी. क्रँककेसच्या सीलमधून हवा शिरत असेल तर मिश्रण आधीच पातळ झालेले असते. अशा इंजिनाचे टायमिंग आगाऊ करू नये.

(२) डायल गेजने खरा टीडीसी शोधून फ्लायव्हीलवर खूण करावी. चालू इंजिनावर टायमिंग लाइटने मूळ वेळ तपासावी. सी.डी.आय.मध्ये वेळ वेगानुसार बदलते, म्हणून तपासणी ठरावीक फेऱ्यांवरच करावी आणि आकडा लिहून ठेवावा.

(३) एका वेळी दोनच अंश बदलावेत. त्याच वेळी जेट, प्लग वा पाइप बदलू नये. अन्यथा परिणाम कशाचा, हे कळत नाही.

(४) प्रत्येक बदलानंतर पूर्ण थ्रॉटलवर चालवून इंजिन लगेच बंद करावे व प्लग पाहावा. पोर्सेलिनवर काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण दिसल्यास टायमिंग तत्काळ मागे घ्यावे. प्लग अधिक थंड प्रतीचा निवडताना कंपनी पाहावी, एन.जी.के.मध्ये मोठा आकडा थंड प्लग दर्शवितो, काही अन्य कंपन्यांत नेमका गरम.

(५) शेवटच्या दोन अंशांनी टॉर्क वाढला नाही, तर ते दोन अंश परत घ्यावेत. माथ्यावर आलेख सपाट असल्याने त्यांत गमावण्यासारखे काही नसते आणि नॉकिंगपासूनचे अंतर मात्र परत मिळते.

हा शेवटचा नियम सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. चार अंशांनी लाभ झाला म्हणजे आठ अंशांनी दुप्पट होईल, हा समज टॉर्कच्या आलेखाचा आकार ठाऊक नसल्यामुळे निर्माण होतो.

८. शैक्षणिक संदर्भ

भारतात २००७ पासून पिथमपूर येथे सुरू झालेल्या बाजा एसएई इंडिया स्पर्धेमुळे पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी एटीव्हीची रचना करू लागले. या प्रकारच्या स्पर्धेत सर्व संघांना समान इंजिन दिले जाते आणि त्यात फेरफार करण्यास मनाई असते. त्यामुळे स्पर्धेच्या वाहनावर टायमिंग आगाऊ करण्याचा प्रयोग करता येत नाही. परंतु प्रयोगशाळेत जुन्या इंजिनावर डायल गेज, टायमिंग लाइट आणि डायनॅमोमीटर यांच्या साहाय्याने दोन-दोन अंशांचा आलेख काढणे हा पदवी स्तरावरील उत्तम प्रयोग ठरतो. ज्वलन, भूमिती आणि मापनातील त्रुटी हे तीनही विषय त्यात एकत्र येतात.

९. निष्कर्ष

प्रज्वलन-वेळ आगाऊ केल्याने शक्ती निर्माण होत नाही. ज्वलनाचा दाब योग्य कोनावर येतो, इतकेच. मूळ टायमिंग मागे असेल तेथे हा बदल खालच्या व मध्यम वेगाला निश्चित लाभ देतो. त्याची किंमत उत्पादकाने निकृष्ट इंधन, उष्णता आणि दुर्लक्ष यांसाठी राखलेल्या अंतरातून मोजावी लागते. ते अंतर खर्च करणाऱ्याने चांगले इंधन, योग्य जेट आणि काटेकोर मापन यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली पाहिजे. प्लेट फिरविण्यास काही मिनिटे पुरतात. ती कोठे थांबवावी हे ठरविण्यासाठी मात्र मोजमापावाचून पर्याय नाही.